बेवारस पेटीतलं लुगडं

लढाई सुरू होऊन पाच वर्षं उलटली होती, आणि गोंदियाच्या कापडबाजारात कापड सोडून बाकी सगळं होतं. दुकानं होती, गाद्या होत्या, लोडाला टेकलेले शेठ होते, भिंतीवर लक्ष्मीची तसबीर होती. फक्त फळ्या रिकाम्या होत्या. कंट्रोलचं कापड आलं की पहाटेपासून रांग लागायची, आणि जे मिळायचं ते इतकं विरळ, की डोळ्यांपुढे धरलं तर पलीकडचा शेठ हसतोय की नाही हेही दिसावं. चांगलं कापड मिळत नव्हतं असं नाही. ते मागच्या दाराने मिळे. त्या मागच्या दाराचं नाव काळा बाजार, आणि त्या दारात पाय म्हणून ठेवायचा नाही, असं केशोरावांनी ठरवून टाकलं होतं.

ह्या ठरवण्यात तत्त्व किती आणि चिकटपणा किती, हे कोणी विचारू नये. (सावित्रीबाईंनी एकदा विचारलं होतं. केशोराव रागाने त्या दिवशी जेवले नाहीत, म्हणजे तत्त्वच जास्त असावं. एका जेवणाचे तांदूळ वाचले, ते वेगळं.)

केशोराव एका राइस मिलमध्ये बारदानाचे कारकून होते, म्हणजे रिकाम्या पोत्यांवर त्यांची देखरेख. दिवसभर रिकाम्या वस्तूंकडे पाहून पाहून त्यांना असा विश्वास वाटू लागला होता, की जगात कशावाचून काही अडत नाही. डोकं चालवलं की दुसरी वाट सापडते. साखर मिळेना, तेव्हा त्यांनी चिचगडकडच्या गाडीवानाकडून मोहफुलं आणवली आणि त्यांचा पाक चहात घातला. रॉकेल मिळेना, तेव्हा करंजाच्या तेलाचा दिवा लावला. त्या दिव्याने उजेड थोडा आणि धूर फार पडे, पण धुरामुळे डास जातात हा त्यातला जादा नफा, असं ते मिलमध्ये ज्याला त्याला समजावून सांगत. चहाला येणारे लोक हळूहळू कमी झाले. त्यातही त्यांनी बचत पाहिली.

लुगड्याला मात्र दुसरी वाट सापडेना.

सावित्रीबाईंकडे लुगडी दोन. एक घरातलं, त्यात मूळचं कापड किती आणि ठिगळं किती हे सांगणं कठीण. दुसरं बाहेरचं, ते पोळ्याच्या दिवशी मधोमध उभं फाटलं. त्यांनी ते कापून, कडा फिरवून, जोड देऊन पुन्हा नेसण्याजोगं केलं, पण चारचौघांत बसलं की तो जोड नेमका मांडीवर यायचा, आणि मग त्या सारा वेळ त्यावर हात ठेवून बसायच्या. नागऱ्याच्या महादेवाला जाणंही त्यांनी सोडलं होतं. नवऱ्याजवळ त्यांनी एकदाही लुगडं मागितलं नाही. मागितलं असतं तर केशोरावांनी भाषण दिलं असतं. न मागितल्यामुळे केशोरावांना रात्री नीट झोप लागत नसे.

अशात एके दिवशी मिलमध्ये धानाच्या गाड्या आल्या, आणि एका गाडीवानाने सावित्रीबाईंच्या भावाचा, गोवर्धनचा निरोप आणला. औंदा तरी बाईने भाऊबीजेला यावं, पुढे मंडईच्या जत्रेपर्यंत राहावं.

केशोरावांनी घरी येऊन निरोप सांगितला. सावित्रीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगून द्या त्याले, ताप आहे मनून."

"ताप? अवो, दिवाळीले अजून पंधरा दिवस आहेत!"

"तोवर येईन ताप."

मागच्या वर्षीही त्यांना भाऊबीजेच्या सुमारास ताप आला होता. तेव्हा केशोरावांनी काढा करून दिला होता. आज त्यांना एकदम कळलं की मागच्या वर्षीचा तो काढा वाया गेला. पण नेहमीसारखी त्यांना काढ्याच्या साहित्याची हळहळ वाटली नाही. ते ओसरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरी वाट सापडली. स्टेशनच्या मालधक्क्यावर बेवारस सामानाचा लिलाव होता.

काय नव्हतं तिथे! मोडक्या छत्र्या, एकेक पायाची पायताणं, तळ गेलेल्या बादल्या, एक पाळणा, आणि कोणीतरी गाडीत विसरलेली, आता कुबट वास मारणारी लोणच्याची बरणी. एका कोपऱ्यात पत्र्याची मोठी पेटी होती. कुलूप गंजलेलं, नाव पुसलेलं.

"देखो भाई, बंद पेटी! जैसी है वैसी! अंदर क्या है, वो आपका नसीब!" लिलाववाला ओरडला.

केशोरावांनी पेटीला हळूच पायाने ढोसलं. आतून खणखण आली नाही. धप्प असा मऊ, भरल्या पोटाचा आवाज आला. रिकामं काय आणि भरलेलं काय, हे त्या आवाजावरून ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. आत कापड होतं! दुसरं एकच गिऱ्हाईक, भंगारवाला. त्याला फक्त पत्र्याशी मतलब. तो पत्र्याच्या भावापर्यंत चढला आणि थांबला. केशोराव आणखी एक पाऊल पुढे गेले. पेटी त्यांची झाली. रीतसर शिक्क्याची पावती मिळाली.

हमाल करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. भर बाजारातून ती पेटी डोक्यावर घेऊन केशोराव घरी आले, तेव्हा त्यांची मान खांद्यात इतकी रुतली होती, की पुढचे चार दिवस ते सगळ्यांकडे खालून वर पाहत होते.

"डोळे मीट," त्यांनी बायकोला सांगितलं. कुलूप दगडाने तोडलं, झाकण उघडलं आणि आत हात घालून पहिली वस्तू ऐटीत वर काढली. "आता पाय!"

सावित्रीबाईंनी डोळे उघडले आणि किंचाळल्या. केशोरावांच्या हातात बाईचे लांबसडक केस लोंबत होते.

"अरे बाप्पा! कोनाचे जी हे?"

"थांब, थांब, दुसरं काही असंल." दुसऱ्या वेळी घुंगरांची जोडी निघाली. तिसऱ्या वेळी एक खणाची चोळी, आणि चोळीत पुढच्या बाजूला शिवून बसवलेल्या नारळाच्या दोन करवंट्या.

सावित्रीबाईंनी करवंट्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ही बाई कोन होये?"

"मले का माहीत? मी लिलावात घेतली."

"बाई घेतली?"

"पेटी! पेटी घेतली!"

पुढे काय झालं असतं कोण जाणे, पण तेवढ्यात केशोरावांनी घाबरून पेटीत दोन्ही हात खुपसले आणि तळाचा मोठा गठ्ठा बाहेर ओढला. खोलीत एकदम पळसफुलांचा रंग पसरला.

ते लुगडं होतं. जाडसर, मऊ, घट्ट विणीचं, लढाईआधीचं. केशोराव ओढू लागले. नऊ वार झाले, लुगडं संपेना. अठरा झाले, संपेना. त्यांनी ओढत ओढत खोली ओलांडली, ओसरी ओलांडली, अंगणातल्या तुळशीला वळसा घातला आणि परत आत आले, तरी शेवट सापडला नाही. ज्या काळात हातभर मांजरपाटासाठी माणसं भांडत होती, त्या काळात केशोरावांच्या घरात चालायला जागा राहिली नाही, इतकं कापड झालं. ते त्या केशरी ढिगात बसले आणि लहान मुलासारखे हसू लागले.

सावित्रीबाई हसल्या नाहीत. त्या कापडावरून हात फिरवत होत्या. मध्येमध्ये बारीक शिवण लागत होती, एका लुगड्याला दुसरं जोडलेलं.

"हे दंडारीचं आहे जी," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या माहेरी दर मंडईला दंडार होई. गावोगाव फिरणाऱ्या त्या नाटकमंडळींत बायांची कामंही पुरुषच करत. "वस्त्रहरनाचं. ह्याच्यावर कोनाचं तरी पोट असंल."

"बेवारस आहे. पावती आहे माझ्यापाशी."

"पावती आहे, पन..."

"पन काय? तू नेस तर खरं."

सावित्रीबाईंचा हात कापडावरून निघाला नाही. मग त्या म्हणाल्या, "एकच घेऊ. बाकीचं ठेवून देऊ."

पण केशोरावांच्या डोक्यात तोवर चाक फिरू लागलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासुरवाडीला ते नेहमी एक नारळ आणि बत्तासे घेऊन गेले होते. (त्यातला नारळ परत येताना मिळे.) यंदा ते हात भरून जाणार होते. त्यांनी कात्री घेतली, शिवणी पाहून पाहून लुगडी वेगळी केली आणि घड्या घातल्या. केस, घुंगरं आणि ती करवंट्यांची चोळी पेटीत परत टाकून पेटी माळ्यावर गेली.

दिवाळीच्या पाडव्याला दोघं निघाले. कोहमाऱ्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. सावित्रीबाईंनी पळसरंगी लुगडं नेसलं होतं. गाडी तळ्याच्या पाळीवर, उंच बांधावर चढली, समोर पाणी पसरलं, पलीकडे गाव दिसलं. हे तळं सावित्रीबाईंच्या पणज्याने आणि त्याच्या भावकीने बांधलेलं. त्या गाडीत उठून उभ्या राहिल्या आणि वारा लागून त्यांचा पदर फडफडला. मांडीवर हात ठेवायची गरज उरली नव्हती. केशोरावांनी त्यांच्याकडे चोरून पाहिलं आणि त्यांना वाटलं, आपण ह्या लढाईत जिंकलो.

सासुरवाडीला तर कहरच झाला. सासू मनकर्णाबाईंना एक, गोवर्धनच्या बायकोला, रुख्माला एक, दोन चुलत सासवांना एकेक, मावसासूला एक. रुख्माने घडी उलगडली आणि ती तोंडावर धरून रडूच लागली. त्या घरात सासू-सुनेत बाहेरचं लुगडं एकच होतं. एक बाजारात गेली की दुसरी घरात राही.

"जवाईबापू, हे भेटलं कोठी?" गोवर्धनने विचारलं.

इथे केशोरावांनी खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपती. पण पाटावर बसवून रुख्मा तूप वाढत होती, सासूबाई स्वतः वारा घालत होत्या, दारात गाव जमलं होतं.

"नागपूरहून," केशोराव म्हणाले. "मुद्दाम मागवलं. माझी ओळख आहे तिथं."

"आनखी भेटन का?"

"पाहू," केशोराव म्हणाले आणि आणखी तूप घेतलं.

सावित्रीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि लाकूड आत सारलं. दोन दिवसांत सगळ्या गावातून सात-आठ माणसं केशोरावांना भेटून गेली, आणि त्यांनी सगळ्यांना "पाहू" म्हटलं.

भाऊबीज झाली. त्यानंतर मंडईचा दिवस उजाडला. रॉकेल नसल्यामुळे मशालीचा खर्च झेपेना, म्हणून दंडार यंदा भरदिवसा, जेवणं झाल्यावर ठेवली होती. तळ्याखालच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. जावई म्हणून केशोरावांना पुढे खाट मिळाली. त्यांच्या बाजूला घरच्या सगळ्या बायका ओळीने बसल्या, सगळ्या एकाच पळसरंगात. लोक दंडारीआधी त्यांनाच पाहत होते.

सूत्रधाराने ढोलकीवर सांगितलं, "मंडळी, आजचा खेळ वस्त्रहरन!" आणि केशोरावांनी आपली खाट बायकांच्या ओळीपासून हळूच हातभर लांब सरकवली.

द्रौपदीचं काम करणारा शालीकराम पन्नाशीचा होता. गालफडं बसलेली, पण डोळे असे, की तो पुढे आला आणि मांडव गप्प झाला. दुशासनाने त्याच्या पदराला हात घातला. पदर जुन्या उपरण्याचा होता. त्याला जोडून एक धोतर, त्यापुढे कुणाची तरी फाटकी घोंगडी, त्यापुढे पोती. (पोती चांगल्या प्रतीची आहेत, हे केशोरावांना त्याही अवस्थेत दिसलं.) दुशासन ओढू लागला तसा पोत्यातला कोंडा उडू लागला. दुशासन शिंकला, ढोलकीवाला शिंकला, पहिल्या ओळीतली माणसं शिंकली.

"धाव रे किस्ना, धाव!" शालीकराम गिरकी घेत म्हणाला. गिरकीत त्याची नजर बायकांच्या ओळीवरून गेली.

दुसऱ्या गिरकीत त्याचा आवाज अडखळला. तिसऱ्या गिरकीत तो थांबलाच.

"किस्ना..." तो म्हणाला, आणि मग अगदी साध्या, घरच्या आवाजात, "अरे, हे त आमचं लुगडं होये!"

लोकांना वाटलं हा खेळातलाच भाग. दुशासन शिंका आवरण्यात गुंतला होता. त्याने काही ऐकलं नाही आणि तो ओढतच राहिला. पोतं सरलं, आणि द्रौपदी गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत भर उन्हात उभी राहिली. मांडव हसून लोटपोट झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

शालीकराम हसला नाही, पळालाही नाही. तो तिथेच खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. हळूहळू हसू विरलं.

"गोंद्याले गाडी बदलताना पेटी गेली आमची," तो कोणाला असं नाही, सगळ्यांना सांगू लागला. "ते इकत घेतलेलं नोयतं. आमच्या घरच्या बायांनी आपापल्या अंगावरचं एकेक देलं, मंग जोडलं. पळसाच्या फुलात रंगवलं, जोड दिसू नये मनून. त्या जुन्यावर राह्यल्या. पेटी गेली तवापासून आमाले कोनी बलावत नाई. पोत्याची दरौपदी कोन पायते?"

आता सगळे बायकांच्या ओळीकडे पाहत होते, आणि तिथून सगळ्यांची नजर खाटेवर आली. केशोराव उठले. त्यांचा हात आपसूक खिशात गेला.

"पावती आहे!" ते म्हणाले. "रेल्वेच्या लिलावात घेतलं आहे मी. शिक्का आहे. बेवारस म्हणून..."

"मंजे?" गोवर्धन म्हणाला. "नागपूरचं नोय?"

दोन दिवस ज्यांना "पाहू" म्हटलं होतं, ते सगळे आता त्यांना पाहत होते.

मनकर्णाबाईंनी आपल्या अंगावरच्या पदराकडे असं पाहिलं, जणू तो तापलेला आहे. "जवाई, तुमी आमाले दरौपदीचं वस्त्र नेसवलं?"

केशोरावांना त्या क्षणी तळ्याचं पाणी फार जवळ आणि सोयीचं वाटलं. त्यांनी पावती पुन्हा वर धरली. तेव्हा सावित्रीबाई उभ्या राहिल्या.

"ठेवा ते कागद," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग शालीकरामकडे वळल्या. "दादा, ह्यायले नोयतं कळलं. मले कळलं होतं, पेटी उघडली तवाच. तरी नेसली. दोन वर्षं झाली, माहेर नोयतं पाह्यलं. मले यायचं होतं."

एवढंच बोलून त्या गावाकडे चालू लागल्या. कोणाला काही कळेना. रुख्मा क्षणभर बसून राहिली. तिने पदर हातात घेतला, त्यावरून बोटं फिरवली, आणि मग तीही उठली. तिच्यामागे मनकर्णाबाई, मग चुलत सासवा, मग मावसासू. सगळी पळसरंगी ओळ पाळीवरून घराकडे गेली.

शालीकराम चड्डीवर तसाच बसून होता. कोणीतरी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. केशोराव खाटेवर बसावं की उभं राहावं ह्या विचारात मध्येच वाकून थांबले होते.

बायका परत आल्या त्या आपापल्या जुन्या लुगड्यांत. ठिगळांची, विरलेली, कुणाचं गुडघ्यावर जोडलेलं, कुणाला पदरच नाही. सासू-सुनांत चांगलं एकच, म्हणून रुख्माने ते सासूला देऊन स्वतः घरातलं, चुलीच्या धुराने काळवंडलेलं नेसलं होतं. भरदिवसा, अख्ख्या गावासमोर त्या तशा चालत आल्या. प्रत्येकीने आपली केशरी घडी शालीकरामच्या पुढ्यात ठेवली आणि पहिल्या ओळीत, होती त्याच जागेवर जाऊन बसली.

"आता होऊ द्या," सावित्रीबाई म्हणाल्या.

शिवायला वेळ नव्हता, गाठी माराव्या लागणार होत्या. पडद्यामागे बसून एकेक लुगडं पुढे सोडायला माणूस हवा होता. सूत्रधाराने केशोरावांकडे बोट दाखवलं. "तुमी कापलं न? मंग तुमीच बांधा."

पडद्यामागे मांडी घालून केशोराव गाठी मारत बसले. पोत्यांची तोंडं बांधून बांधून त्यांची गाठ पक्की होती; आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या अब्रूच्या कामी येत होती. पुढे शालीकराम गिरक्या घेत होता, दुशासन ओढत होता, आणि पळसाचा रंग मांडवभर वाहत होता. पडद्याच्या फटीतून त्यांना पहिली ओळ दिसली. सावित्रीबाईंच्या मांडीवर तो जोड आलेला होता. त्यांचे दोन्ही हात मात्र छातीशी जोडलेले होते. जोड उघडा होता, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. केशोरावांना समोरचं नीट दिसेनासं झालं. (कोंड्याचा परिणाम, असं त्यांनी नंतर सांगितलं.) त्यांनी पुढची गाठ दुप्पट आवळून मारली.

दुशासन थकून पडला, लोकांनी किस्नाचा जयजयकार केला, आणि द्रौपदी तशीच वस्त्रात गुंडाळलेली उभी राहिली.

खेळ संपल्यावर शालीकराम घरी आला. आता तो धोतरात होता, पण कपाळावर कुंकू राहिलं होतं. त्याने एक केशरी घडी सावित्रीबाईंपुढे ठेवली.

"हे नाई घेत मी," त्या म्हणाल्या.

"घ्या बाई. एकानं दरौपदीचं काई अडत नाई. म्या दोन गिरक्या कमी घेईन." तो जरा थांबला. "भाऊबीज दोन दिवस मांगं झाली, पन भाऊ उशिरानंच येत असते."

सावित्रीबाईंनी लुगडं घेतलं आणि त्याला ओवाळलं. पेटी, केस आणि घुंगरं पुढच्याच गाडीने धाडून देण्याचं केशोरावांनी कबूल केलं. चोळीचंही कबूल केलं, पण त्याविषयी सासूबाईंसमोर जास्त बोलले नाहीत.

परतीच्या दिवशी दोघं कोहमाऱ्याला मोटारीत बसली. लढाईमुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. सावित्रीबाई पळसरंगी लुगड्यात खिडकीशी बसल्या होत्या.

"अवो," केशोराव म्हणाले, "मी तुले लुगडं बाजारातून आणायला पाहिजे होतं. मागच्या दाराने का होईना."

"मागच्या दारानं आनलं असतं त म्या नेसलं नसतं," त्या म्हणाल्या. "पन तुमी आनाले गेले असते, तर बरं वाटलं असतं."

समोरच्या बाकावर पागोटं घातलेला एक म्हातारा बसला होता. तो मघापासून केशोरावांकडे टक लावून पाहत होता.

"मंडईले गेल्ते का जी?" त्याने विचारलं.

"नाही," केशोराव घाईने म्हणाले. "म्हणजे, त्या बाजूला काम होतं."

"मंग तुमी काईच नाई पाह्यलं! अरे बाप्पा, म्या साठ वर्षांत असी दंडार नाई पाह्यली. गोंद्याचा कोनी बाबू होये म्हनते. त्यानं चालत्या रेल्वेतून दरौपदीची पेटी पळवली! साऱ्या सासुरवाडीले नेसवलं. सासूले, साळ्याच्या बायकोले, उरलं ते म्हशीले झूल मनून घातलं!"

"म्हशीचं खोटं आहे!" केशोराव ओरडले.

"मंग तुमी होते न तिथी!"

केशोरावांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. सावित्रीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात, कितीतरी महिन्यांनी, हसू होतं.

"होते न," त्या म्हणाल्या. "दुशासनाचं काम ह्यायचंच होतं."

म्हातारा चटकन उठला आणि त्याने केशोरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमी होय ते! काय काम केलं जी, काय काम केलं! दुष्टपना त असा, का मानसानं थुकावं! म्या घरी बुढीले मनलं, ह्या मानसानं रंग लावून चेहरा तसा केला असंल." तो वाकला, केशोरावांच्या चेहऱ्याकडे अगदी जवळून, दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं, आणि मनापासून म्हणाला, "पन तुमाले त रंगाची गरजच नाई पडत जी!"